ढकलण्याचा स्नायू कुठे असतो?

कुतूहलघर
नमस्कार मंडळी. माझी लेक नऊ वर्षांची आहे. परवा तिच्या वाचनात एक वाक्य आलं: स्नायू फक्त आखडतात, म्हणजे हाडांना ओढतात, ते ढकलू शकत नाहीत. तिने पुस्तक मिटलं, उठून भिंतीपाशी गेली, दोन्ही तळहातांनी भिंत रेटली आणि म्हणाली, "मग हे मी काय करतेय?"

मी म्हटलं, एक स्नायू ओढून हात वाकवतो, दुसरा ओढून सरळ करतो. तिला ते पटलं नाही. "ओढणारा स्नायू माझ्या अंगात आहे. तो माझ्याकडेच ओढेल ना? हात पुढे कसा जाईल?"

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. हाडं, स्नायू आणि सांधे मिळून ओढण्याचं ढकलणं नेमकं कुठल्या जागी करतात? हाताने करून दाखवता येईल असं काही सुचवा. 'मेंदू आज्ञा देतो' एवढ्यावर ती थांबणार नाही.

टिपकागद
दंडाच्या मागच्या बाजूला. ट्रायसेप्स म्हणतात त्याला.

कुतूहलघर
टिपकागद, धन्यवाद. नाव तिला सांगितलं. पण तो ओढून ढकलतो कसा, तिथेच गाडी अडली आहे.

सांधेसोबत
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णांना हे रोज समजावते, म्हणून जरा इस्कटून लिहिते.

लेकीला कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि दुसऱ्या हाताने कोपराचं टोकदार हाड चाचपू द्या. ते टोक हाताच्या पुढच्या भागातल्या हाडाचंच आहे, पण सांध्याच्या मागे थोडंसं बाहेर आलेलं. ट्रायसेप्स त्या टोकाला बांधलेला असतो. सांधा म्हणजे मधली खुंटी. खुंटीच्या मागचं छोटं टोक वर ओढलं की पुढची लांब बाजू उलट दिशेला जाते. सी-सॉवर होतं तेच. ओढ आत, दंडाकडे. हात बाहेर, भिंतीकडे. दिशा उलटते ती सांध्यापाशी.

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या आणि टाचणीने एकमेकींना सैल जोडा. खालची पट्टी टाचणीच्या मागे दोन बोटं बाहेर राहू द्या. त्या शेपटीला एक दोरा बांधा, टाचणीच्या थोडा पुढे दुसरा. दोन्ही दोरे वरच्या पट्टीच्या टोकाकडे ओढायचे. एकाने हात वाकतो, दुसऱ्याने सरळ होतो. दोरा काही ढकलू शकत नाही हे मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे बाकीचं समजावावं लागत नाही.

पायवाट
टाचणीवाला प्रयोग झकास. वाचनखूण साठवली.

गणितवेडा
सांधेसोबत यांना अनुमोदन. त्यात आकडे घालतो, कारण आकडे पाहिल्यावर मला स्वतःला धक्का बसला होता.

हात वाकवणारा, दंडाच्या पुढच्या बाजूचा बायसेप्स कोपराच्या सांध्यापासून साधारण ४ ते ५ सेंटीमीटरवर हाडाला चिकटतो. तळहात सांध्यापासून साधारण ३५ सेंटीमीटरवर. म्हणजे तळहातावर ५ किलोचं ओझं नुसतं धरून ठेवायचं तर स्नायूला ३५ ते ४० किलोच्या ओझ्याइतकी ओढ लावावी लागते. जोवान्नी बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने सतराव्या शतकात हा हिशेब मांडला. त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये छापलं गेलं. तोवर सर्वसाधारण समज असा की थोड्या जोरात मोठं वजन उचलायची सोय शरीरात असणार. बोरेल्लीने दाखवलं की उलट आहे. स्नायूंना ओझ्याच्या कित्येक पट जोर लावावा लागतो.

ओढाताण
हा तर घाट्याचा सौदा झाला. पहारीने दगड हलवताना आपण लांब टोक हातात धरतो. इथे स्नायूच्या वाट्याला आखूड टोक आलंय. निसर्गाने चूक केली म्हणायची का?

गणितवेडा
चूक नाही. जोर देऊन वेग विकत घेतलाय. स्नायू १ सेंटीमीटर आखडला की तळहात ७-८ सेंटीमीटर सरकतो, आणि तेही तेवढ्याच वेळात. चेंडू फेकणं, झेप घेणं, पडता पडता हात टेकवणं, यात वेगच कामाचा. शिवाय स्नायू सांध्याला बिलगून असल्याने हात सडपातळ राहतो. मनगटापासून खांद्यापर्यंत थेट दोर ताणला असता तर कोपर वाकवताना हाताच्या घडीत पडदा लावल्यासारखं झालं असतं.

टिपकागद
वटवाघूळ झालो असतो की :) (गंमतीत घ्या.)

सांधेसोबत
गणितवेडा, हिशेब चोख आहे, पण एक दुरुस्ती करते. हात वाकवण्याचं सगळं श्रेय बायसेप्सला देऊ नका. त्याच्या खाली ब्रेकिअ‍ॅलिस नावाचा स्नायू दडलेला असतो आणि कोपर वाकवण्याचं मुख्य काम त्याचं. बायसेप्सचं दुसरं मोठं काम म्हणजे तळहात वर वळवणं. पडताळून पाहा. कोपर काटकोनात ठेवा, तळहात जमिनीकडे, दुसरा हात दंडावर. आता कोपर न हलवता तळहात आकाशाकडे वळवा. दंडाचा गोळा टरारून वर येतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जो जोर लागतो तो बऱ्याच अंशी याचा.

कुतूहलघर
आत्ताच केलं. खरंच गोळा येतो! लेकीने घरातल्या सगळ्यांचे दंड तपासून झालेत.

तालबद्ध
मी नृत्य शिकवते, म्हणून मुद्रांच्या अंगाने एक जोड. विद्यार्थिनी कायम विचारतात, अनामिका एकटी का उचलत नाही? तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून त्याचं पेर टेबलाला टेकवा. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. जमेल. अनामिका मात्र चिकटवल्यासारखी बसून राहते.

कारण तेच, दोर. बोटं सरळ करणारा एक मोठा स्नायू आहे, त्याचे चार दोर चार बोटांना जातात आणि हाताच्या पाठीवर ते एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. मधलं बोट दुमडलं की त्याचा दोर खाली ताणला जातो आणि शेजारच्या अनामिकेचा दोर पुढे खेचून ठेवतो, त्यामुळे तो सैल पडतो. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचा जादा स्नायू आहे. अनामिकेला नाही. मुलींना मी सांगते, तुझी मेहनत कमी पडत नाहीये, तिथे दोरच वेगळा नाही.

ओढाताण
थांबा. बोटं सरळ करणारा स्नायू हाताच्या पाठीवर असतो का? तिथे तर नुसती हाडं लागतात.

तालबद्ध
नाही, कोपराच्या खाली, हाताच्या पुढच्या भागात. बोटांमध्ये बोट हलवणारा एकही स्नायू नसतो. तळहातात काही छोटे आहेत, पण जोराची पकड येते ती कोपर ते मनगट या भागातून. मूठ आवळताना तिथे हात ठेवून बघा, सगळी हालचाल तिथे चाललेली असते. तिथून लांब कंडरा, म्हणजे स्नायूंचे दोर, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत येतात. नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू त्या बोगद्यात दाटीवाटीने असतात. बोगद्यात सूज आली की बोटांना मुंग्या येतात त्या याच मज्जातंतूमुळे.

सांधेसोबत
आणि यावरचा माझा आवडता प्रयोग. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मग घट्ट मूठ आवळा. आवळताच येत नाही. आतले दोर आधीच आखडून गेलेत, आणखी आखडायला जागा नाही. बाहेरचे दोर ताणून संपलेत. मनगट किंचित मागे झुकवलं की मूठ लगेच घट्ट होते. काहीही पकडताना आपलं मनगट आपोआप तसं होतं. आपण कधी लक्षही देत नाही.

संध्याछाया
सगळं वाचते आहे, फार छान चाललंय. माझा प्रश्न साधा आहे. उजवा खुबा दुखतो. काठी कुठल्या हातात धरायची? मी उजव्या हातात धरते कारण दुखणं उजवीकडे आहे. मुलगा म्हणतो डाव्या हातात धर. दोघांत रोज वाद.

जुना_गडी
दुखऱ्या बाजूलाच आधार हवा ना? सरळ गोष्ट आहे. काठी उजव्या हातात, काकू.

सांधेसोबत
जुना_गडी, इथे सरळ वाटणारी गोष्ट उलटी आहे. काकू, मुलगा बरोबर सांगतोय. काठी डाव्या हातात धरा आणि उजवा पाय टाकताना काठी त्याच्याबरोबरच पुढे टेकवा.

कारण सांगते. चालताना दर पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला असतं आणि कंबरेला मोकळ्या बाजूकडे कलंडवायला बघतं. तिला तोलून धरतात खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू. पुन्हा सी-सॉ: सांधा मध्ये, एका बाजूला लांबवर वजन, दुसऱ्या बाजूला अगदी जवळ स्नायू. जवळ असल्याने त्याला भरपूर ओढावं लागतं. वजन आणि ओढ दोन्ही मिळून सांध्यावर दाबतात आणि दाब होतो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट. एका पायावर नुसतं उभं राहिलं तरी!

आता काठी डाव्या हातात असेल तर ती खुब्यापासून खूप लांब असते. लांबून दिलेला थोडासा आधारही कंबर कलंडू देत नाही, मग स्नायूला कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा दाब उतरतो. दुखऱ्या बाजूला धरलेली काठी सांध्याच्या जवळ पडते. तिथे अंगाचा भार सरळ काठीवर टाकल्याशिवाय फारसा उतार पडत नाही, आणि चालताना अंग एका बाजूला झुकतं.

जुना_गडी
मान्य. माझा गुडघा दुखायचा तेव्हा मी वर्षभर चुकीच्या हातात धरली होती. गुडघ्यालाही हाच नियम का?

सांधेसोबत
हो, साधारणपणे विरुद्ध हातातच. उंची पण बघून घ्या. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

संध्याछाया
आज डाव्या हातात धरून अंगणात चार फेऱ्या घातल्या. सुरुवातीला पाऊल आणि काठी यांचा मेळ बसेना, तिसऱ्या फेरीत बसला. दुखणं कमी जाणवलं. मुलाला अजून सांगितलेलं नाही. :)

पायवाट
गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर माझी शंका. डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. चढण्यात मेहनत जास्त, मग दुखणं उतरण्याचं का?

जुना_गडी
लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं. आम्हाला प्रशिक्षकांनी हेच शिकवलं होतं.

गणितवेडा
जुना_गडी, ते जुनं स्पष्टीकरण आता मागे पडलंय. लॅक्टेट (त्या अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) व्यायामानंतर तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. वेळेचा मेळ बसत नाही.

खरी गोष्ट अशी की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. गुडघा वाकत जातो, स्नायू त्याला ब्रेक लावत लावत वाकू देतो. जिंकायचं नाही, हळूहळू हरत जायचं, अशी ती रस्सीखेच. या ताणात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तीच नंतर ठणकते. पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो, कारण स्नायू स्वतःला जुळवून घेतो.

१९५२ साली इंग्लंडमधल्या तीन संशोधकांनी यावर सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने ते पेडल थोपवायचं. दोघांचा जोर सारखाच, पण थोपवणाऱ्याला प्राणवायू फार कमी लागला. उतरताना दम लागत नाही त्याचं कारण हेच. दम कमी, इजा जास्त.

पायवाट
म्हणजे मी हरत हरत उतरतोय. हे वाचून पुढच्या वेळी छोटी पावलं टाकेन.

ओढाताण
अवांतर होतंय, पण राहवत नाही. बोटं मोडली की संधिवात होतो, असं मी लहानपणापासून ऐकतोय. खरं का?

तालबद्ध
सांध्याच्या पिशवीत एक बुळबुळीत द्रव असतो, वंगणासारखा. बोट ताणलं की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि त्या वेळी आवाज येतो. वायू पुन्हा द्रवात विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही.

सांधेसोबत
एका माणसाचे दोन हात म्हणजे पुरावा तसा तोकडा, पण इतर निरीक्षणांतही बोटं मोडणं आणि संधिवात यांचा संबंध आढळलेला नाही. आवाजाबरोबर वेदना किंवा सूज असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

त्या वंगणाबद्दल एक महत्त्वाचं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते या द्रवातून, आणि द्रव आत-बाहेर होतो सांधा दाबला-सुटला तरच. गुडघा दुखतो म्हणून महिनोन् महिने बसून राहणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगते. झेपेल तेवढं हलत राहा. पूर्ण बसवून ठेवलेल्या सांध्याची कूर्चा उपाशी राहते.

कुतूहलघर
मंडळी, धागा माझ्या प्रश्नापासून बराच हिंडून आला आणि मला त्याचा आनंदच आहे. पण लेकीचे आणखी दोन प्रश्न आहेत. टाचणीचा प्रयोग तिला पूर्ण पटला. आता म्हणते, (१) स्नायूला ढकलता का येत नाही? त्याला कोणी मनाई केलीय? (२) जिभेत हाड नाही. मग मी जीभ बाहेर कशी काढते? आणि काढून दाखवली.

गणितवेडा
(१) मनाई रेणूंच्या पातळीवर आहे. स्नायूच्या आत दोन प्रकारचे बारीक धागे एकमेकांत घुसलेले असतात, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. मायोसिनला असंख्य लहान मुंडकी असतात. प्रत्येक मुंडकं अ‍ॅक्टिनला पकडतं, झुकून खेचतं, सोडतं, पुढे पकडतं. विहिरीतून दोर ओढताना हातावर हात टाकतो तसं. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मुंडकी एकाच दिशेला झुकतात, म्हणून उलट, ढकलण्याचं काम त्यांना येतच नाही. स्नायू पुन्हा लांब होतो तो दुसऱ्या कोणी ताणल्यावर: समोरचा स्नायू, नाहीतर वजन.

हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. एका गटात अँड्र्यू हक्सली, दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एक, नातं काही नाही.

आणि मुंडक्याला पकड सोडायलाही एटीपी हे इंधन लागतं. मृत्यूनंतर इंधन संपतं, सगळी मुंडकी पकडलेल्या जागी अडकतात आणि शरीर ताठ होतं. सोडणं हेही कष्टाचं काम आहे, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो.

तालबद्ध
(२) साठी ओल्या मातीचा गोळा मुठीत धरून आवळा. बोटांच्या फटींतून आणि वरून माती बाहेर येते. मूठ फक्त आवळते, माती पुढे जाते. जिभेत उभे, आडवे, लांबीचे असे सगळीकडे जाणारे स्नायू आहेत. आडवे आणि उभे आखडले की जीभ बारीक होते. आतलं बहुतेक पाणीच, ते दाबून कमी होत नाही, मग ते लांबीत जातं. शिवाय हनुवटीच्या आतल्या बाजूने येणारा एक स्नायू जिभेचं मूळ पुढे ओढतो. हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे हात असेच, हाडाविना. म्हणजे इथेही कोणी ढकलत नाही. सगळे ओढतातच.

सांधेसोबत
सुंदर सांगितलंत. भिंतीचंही पूर्ण करून टाकते. हात सरळ करतो ट्रायसेप्स, दंड पुढे ओढतात छातीचे स्नायू, आणि फासळ्यांना चिकटलेला एक स्नायू खांद्याचं पातं पुढे खेचून धरतो. पण खरा जोर पायातून येतो. पोटरी टाचेचं हाड वर ओढते, चवडा जमिनीला मागे रेटतो. लेकीला गुळगुळीत फरशीवर मोजे घालून भिंत ढकलायला सांगा, तुम्ही मागे उभ्या राहा. ती मागेच सरकेल.

कुतूहलघर
सरकली! तीनदा केलं. मग कोपऱ्यात एक मेलेला कोळी दिसला, त्याचे आठही पाय पोटाशी मुडपलेले. आता तिचं म्हणणं: "मेल्यावर सगळे स्नायू सैल पडतात ना? मग याचे पाय असे आत का ओढलेले?" मी एटीपीचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तसं असेल तर काही पाय सरळ राहिले असते. सगळेच आत कसे?"

टिपकागद
या पोरीला माझा नमस्कार सांगा. आणि हे मला माहीत आहे! कोळ्याच्या पायात वाकवणारे स्नायू आहेत, पण मुख्य सांध्यांमध्ये सरळ करणारे स्नायूच नाहीत. पाय सरळ करायला तो अंगातला द्रव दाबाने पायात सोडतो. मेल्यावर दाब जातो.

कुतूहलघर
वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग जाऊन एक फुगा घेऊन आली, तो अर्धा फुगवून दुमडला आणि परत फुगवून सरळ केला.